तीस खाटा, चाळीस जोड्या

वॉर्डात तीस खाटा होत्या आणि दुपारच्या पाळीला दोन नर्स. त्यांतल्या धाकटीला आठवा महिना लागलेला. पहिल्या तारखेपासून ती रजेवर जाणार होती आणि तिच्या जागी कोणी यायचं चिन्ह नव्हतं. म्हणून इन्चार्ज सिस्टरने, जिला सगळा वॉर्ड मोठ्या बाई म्हणे, अर्ज केला : ‘तीस खाटा आहेत. पहिल्या तारखेपासून मी एकटी. एक नर्स द्या, नाहीतर कोणीतरी दगावेल.’

प्रशासनाच्या साहेबांनी दोन दिवसांनी अर्ज परत पाठवला. समासात शेरा होता : भाषा भावनिक.

साहेब दुष्ट नव्हते. दुष्टपणाला लागते तेवढी सवड त्यांना कागद मिळू देत नसत. त्यांनी बाईंना खुर्ची देऊन समजावलं, की वरचे लोक इंग्रजीत वाचतात आणि त्यांना ‘माणूस नाही’ म्हटलेलं कळत नाही, ‘डेफिसिट’ म्हटलेलं कळतं. त्यासाठीच रुग्णालयाने चार दिवसांचा वर्ग ठेवला होता. दुपारी. म्हणजे ते चार दिवस बाईंची सही वर्गाच्या मस्टरवर आणि वॉर्डात धाकटी एकटी.

वर्ग घेणाऱ्या सरांच्या बुटांत छताचा पंखा दिसत होता. डेफिसिट कधी एकटी सोडू नये, ते म्हणाले, एकटी असली की अडाणी दिसते. तिच्या सोबतीला शब्द लागतो. मग त्यांनी फळ्यावर चाळीस जोड्या लिहिल्या. डेफिसिट ‘रन’ करतात, ‘फेस’ करतात, निस्तरायची असली तर ‘ॲड्रेस’ करतात. वाढली की ती ‘वाइडन’ होते, घटली की ‘नॅरो’ होते. मोठी असली तर ‘ह्यूज’, जुनाट असली तर ‘क्रॉनिक’. शेजारच्या बाकावरच्या धोबीखान्याच्या मुकादमाने लगेच चादरींची ह्यूज डेफिसिट उतरवून घेतली आणि तो असा खुलला, की जणू गठ्ठाच येऊन पडला.

मोठ्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि हात वर केला. “सर, नर्स आली आणि काम भागलं, तर काय म्हणायचं?”

सरांनी जरा आठवलं. “एलिमिनेट द डेफिसिट. पण ही जोडी जपून वापरा. शक्यतो भविष्यकाळातच.”

घरी बाईंचा गृहपाठ त्यांच्या यजमानांनी अंगावर घेतला. मीटर रीडर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना वाचायला आकडे उरले नव्हते. सकाळी चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, “अगं, साखरेची डेफिसिट वाइडन होतेय.”

“डबा तुमच्या कोपराशी आहे,” बाई म्हणाल्या. “ॲड्रेस करा.”

नव्या अर्जात बाईंनी अकरा जोड्या घातल्या. नर्स हा शब्द त्यात एकदाच आला, तोही तळाशी. अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला. साहेबांनी तो बैठकीत मोठ्याने वाचून दाखवल्याचंही बाईंच्या कानावर आलं.

पहिल्या तारखेला दीड वाजता, नेमणुकीचा कागद घेऊन, वॉर्डाच्या दारात सर उभे.

खुलासा करायला साहेब जातीने आले होते. अर्जाची भाषा वाचून वरचे लोक इतके खूश झाले, की ती शिकवणाऱ्यालाच कायम करायचं ठरलं. मंजूर जागा एकच होती, बाईंनी मागितलेली. त्यामुळे पद वॉर्डाचं राहील, सर प्रशासनात बसतील आणि कागदोपत्री वॉर्डाची डेफिसिट एलिमिनेट झाली. हे सांगताना साहेबांनी भूतकाळ वापरला.

बाई शांतपणे म्हणाल्या, “सही कुठे करणार?”

“तुमच्याच मस्टरवर, रोज. पगार त्यावरून निघतो. बाकी नुसती औपचारिकता.”

बाईंनी मस्टर पुढे केलं. सरांनी झोकदार सही ठोकली. मग बाईंनी भिंतीवरच्या आदेशाकडे बोट दाखवलं. मागे धाकटी दहा मिनिटं चहाला गेली होती, तेव्हा खुद्द साहेबांनीच तो काढून चिकटवला होता : वॉर्डाच्या मस्टरवर सही करणाऱ्याने पाळी संपेपर्यंत वॉर्ड सोडू नये, अपवाद नाही. साहेबांनी स्वतःचा आदेश दोनदा वाचला. त्यात त्यांना चूक सापडेना. तेवढ्यात त्यांना बैठक आठवली.

“सर, सात नंबरला बेडपॅन हवंय.”

“मला यातलं काही येत नाही हो, बाई.”

“चार दिवसांत येईल. मलाही आलं.”

पाचव्या दिवशी सरांनी साहेबांना अर्ज केला. साध्या मराठीत, एकही जोडी न घालता : ‘तीस खाटा आहेत. मला काही येत नाही. एक नर्स द्या, नाहीतर कोणीतरी दगावेल.’ अर्ज दोन दिवसांनी परत आला. समासात शेरा होता : भाषा भावनिक.

बाईंनी तो वाचला, घडी घालून सरांच्या खिशात ठेवला आणि त्यांना बारा नंबरच्या म्हाताऱ्याची चादर बदलायला पाठवलं. कपाटात चादर नव्हती. बुटांवरचे शिंतोडे न पुसता सरांनी म्हाताऱ्याला एका कुशीवर वळवलं आणि तीच चादर उलटी करून अंथरली.