देव कमी करा

“तातेराव, देव जरा कमी करा.”

काचेपलीकडून बद्रीनाथशेठ बोलला आणि तातेराव गोंधळ्याचा हात संबळावर थांबला. जालन्यातल्या सरकीच्या जुन्या गोदामात भिंतींना गाद्या ठोकून शेठने स्टुडिओ केला होता. सरकीचा वास अजून गेला नव्हता.

“कमी म्हंजी?”

“मुंबईची कंपनी म्हन्ती, इतके देव ऐकता ऐकता गिऱ्हाईक कॅसेट बंद करतं. दोन-तीन मोठे घ्या अन् मंग जल्दी नाचायचं गाणं.”

“न्हाई शेठ. गोंधळाचं आवतन समद्या देवांना असतंय. अंबडची मत्स्योदरी, राजूरचा गणपती, येशीवरचा म्हसोबा. एक गाळला तरी गोंधळ पुरा व्हत न्हाई. कोनाला काढू?”

“बरं, ऱ्हाऊ द्या. पर खर्चा गुटख्यावाल्यानं केला. त्याचं नाव तेवढं म्हना. गाण्याच्या बाहेर, जाहिरातीत. चाल मात्र हीच बराबर.”

जाहिरात बाहेर म्हटल्यावर तातेरावाला त्यात वावगं वाटलं नाही. त्याने आवतनाच्या चालीत म्हणून टाकलं, “मोरपिसारा गुटखा, गोंधळाला यावं.” कॅसेटची पट्टी कापून कुठलं कुठंही जोडता येतं, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं.

दिवाळीला कॅसेट आली. लहान देव सगळे कापलेले आणि मत्स्योदरीच्या पाठोपाठ तातेरावाच्याच गळ्यातून गुटखा हजर. सांगतानाही किळस येते. ज्या तोंडाने देवी बोलवायची त्याच तोंडात यांनी पुडी कोंबली आणि ते पानटपऱ्यांवर वाजवलं.

“दादा, तू आसं काहून म्हन्लास?” धाकट्या भावाने, संपतने विचारलं. तातेराव तडक शेठकडे गेला.

“आवाज तुमचाच हे ना?” शेठ दात कोरत म्हणाला. “मंग? खपून राह्यली ना कॅसेट!”

त्यानंतरचा पहिला गोंधळ अंतरवाली सराटीला, काकासाहेबांच्या मुलाच्या लग्नाचा. चौक मांडला, संपतने दिवटी पेटवली. तातेराव एकेक देव बोलावू लागला. मत्स्योदरीचं नाव घेऊन त्याने श्वास घेतला, तोच अख्खा मांडव ओरडला, “मोरपिसारा गुटखा, गोंधळाला यावं!” शिट्ट्या वाजल्या. पाटावर बसलेला नवरदेवही हसला.

आवतन अर्धवट टाकून गोंधळ्याला उठता येत नाही. तातेरावाने पहिल्या देवापासून पुन्हा सुरुवात केली. मांडव त्याच जागी पुन्हा ओरडला.

“पावन्यांची मज्जा हे, तातेराव,” काकासाहेब म्हणाले. “तुमीच तर म्हन्लंय.”

तातेरावाने तिसऱ्यांदा संबळ धरला, पण आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवत तो एकेका देवाला बोलावत राहिला.

“आवाज! आवाज!” लोक ओरडत होते. संपत भावाच्या ओठांकडे बघत दिवटीत तेल घालत होता. वेशीवरच्या म्हसोबाची पाळी आली, तेव्हा दोघांनीही मान लववली.