ब्रेक नसलेल्या गाडीची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी काळी दोरी आहे. हातभर लांब, आणि पहिल्यापासूनच भित्री. माझे एक टोक रणजीतच्या उजव्या मनगटाला बांधतात. दुसऱ्या टोकाची पिन त्याच्या मोटारसायकलच्या हँडलवरच्या बटणात खोचतात. रणजीत पडला की मी ताणली जाते, पिन निघते आणि इंजिन बंद होते. माझे काम एवढेच. तो पडेपर्यंत नुसते घाबरत बसायचे!

घाबरू नको तर काय करू? ही शर्यत मातीच्या गोल मैदानावर होते आणि गाडीला ब्रेकच नसतात. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे, डावा पाय जमिनीला घासत न्यायचा. शेजारी आणखी तिघे तसेच उधळलेले. पहिले वळण आले की मी देवाचे नाव घेते.

माझा जन्म पोलंडमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या लाल मातीत गाडी घसरवायला शिकलेला रणजीत तिथल्या क्लबचा व्यावसायिक खेळाडू होता. तो जिंकला की लोक त्याला खांद्यावर घेत. माझ्याकडे कोण बघणार? एकदा त्याच्या खांद्याचे हाड मोडले, एकदा बरगडी. दोन्ही वेळा मी वेळेवर निघाले, म्हणून गाडी थांबली.

घरी मात्र तो फोनवर सांगायचा, “आई, गाडी स्वल्प घसरली, एवढंच.” बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या त्यांच्या घरात ‘पडणे’ हा शब्द कुणी काढत नसे. त्याची आई जमनाबाई लगेच म्हणत, “अभद्र बोलू नको.” मग माझा उपयोग त्यांना कोण सांगणार?

यंदा दसऱ्याला आनेकलमध्येच शर्यत ठरली. जमनाबाई पहिल्यांदाच मुलाला गाडीवर बघणार होत्या. आदल्या दिवशी खंडेनवमी. घराण्याच्या तलवारीशेजारी आमची गाडी उभी केली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. मी लोंबत होते.

“ही हरवेल कुठेतरी,” असे म्हणून जमनाबाईंनी पूजेच्या लाल दोऱ्याने माझी पिन बटणाला करकचून बांधली. गाठीवर गाठ मारली, वर हळदकुंकू वाहिले. भीतीने मला रात्रभर चैन पडले नाही.

दर शर्यतीआधी रणजीतची बहीण रक्षिता मला ओढून बघते. गाडीची सगळी देखभाल तिच्याकडेच आहे. त्या दिवशीही तिने ओढले. पिन हलेना. ती कात्री आणायला वळली.

“ए, हात लावू नको त्याला!” जमनाबाई पुढे आल्या. “पूजेचा दोरा आहे. शर्यत होईपर्यंत राहू दे.”

बाकीच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. रणजीत पुटपुटला, “राहू दे, रक्षू. काय होतंय एवढ्यानं?”

मला ओरडावेसे वाटत होते. पण दोरीला तोंड कुठे असते?

“अण्णा, तू सांगतोस की मी सांगू?” रक्षिताने विचारले.

रणजीतने हेल्मेट काढले. “आई, मी... मी पडलो की ही दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. नाही निघाली, तर चालू गाडी माझ्या अंगावर येईल.”

जमनाबाईंनी आधी गाठींकडे बघितले, मग त्याच्याकडे.

“किती वेळा पडलास?”

“खूप वेळा, आई.”

त्या रागावल्या नाहीत. “सरी, बरं,” एवढेच म्हणून खाली वाकल्या. गाठी सुटेनात. शेवटी त्यांनी दोरा दाताने तोडला. मग इंजिन सुरू करायला लावून मला स्वतः ओढले. इंजिन गप्प झाले.

“आता जा,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या फेरीत रणजीत पडला. मी ताणली गेले, निघाले. गाडी घसरत आली आणि त्याच्या पाठीला टेकून मुकी थांबली. कठड्यापलीकडून जमनाबाई ओरडल्या, “निघाली का रे दोरी?”

“निघाली, आई!” रणजीत मातीतूनच म्हणाला.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, हळदकुंकू वाहा. पण आम्ही कशासाठी आहोत, ते घरातल्या सगळ्यांना सांगा. कितीही अभद्र वाटले तरी सांगा.

सध्या आम्ही पुन्हा पोलंडला आहोत. शर्यतीआधी रणजीतचा फोन वाजतो आणि जमनाबाई विचारतात, “दोरी ओढून बघितलीस का?” माझी भीती काही गेलेली नाही. पण आधी मी एकटी घाबरायचे, आता आम्ही दोघी घाबरतो.