दोष रंगाचा नव्हता

मित्रांनो, मी इओसिन. कारखान्यात रसायनांपासून बनलेला गुलाबी रंग. माणसाच्या शरीरातून काढलेल्या मांसाच्या तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन माझ्यात बुडवतात. मी तो रंगवला की डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकातून आजार ओळखता येतो. रिपोर्टवर माझं नाव कधीच नसतं. त्याचा मला राग नाही. राग आहे तो गेल्या वर्षीच्या एका दिवसाचा.

म्हसवडजवळच्या भामाबाई मेंढरं राखायच्या. त्यांच्या जिभेच्या कडेची जखम दोन महिने भरत नव्हती. तिकडच्या एका दवाखान्याने तिचा तुकडा काढून सांगलीला आमच्या लॅबमध्ये पाठवला. मी जीव तोडून रंगवायला गेलो, तर काचेवर नुसते फिकट डाग!

लॅबमधले जुने तंत्रज्ञ दादासो म्हणाले, "रंग बाद झालाय. ओत बेसिनमध्ये. लिहून टाकू, काही दिसत नाही."

मी बाद? सकाळीच तर मी वीस काचा रंगवल्या होत्या! पण मला तोंड कुठे होतं?

त्यांची सहकारी स्वप्ना म्हणाली, "थांबा सर. याच रंगात दुसऱ्या पेशंटची काच घालून बघते." ती काच लख्ख गुलाबी निघाली. मग तिने दवाखान्याला फोन लावला. तुकडा टिकवणारं फॉर्मालिन संपलं होतं, म्हणून त्यांनी तो दोन दिवस साध्या सलाइनमध्ये ठेवला होता. तो वाटेतच कुजला. कुजलेल्या मांसावर मी काय रंगवणार?

पुन्हा तुकडा काढायचा म्हटल्यावर भामाबाई फोनवर कडाडल्या, "आवं, जीभ हाय का भाकरी? येकदा कापली तवा चार दिस पाणी गिळंना!"

"मावशी, चूक तुमची नाही, आमच्या लोकांची आहे," स्वप्ना म्हणाली. "पण पुन्हा त्या दवाखान्यात जा. हात जोडते."

मेंढरं जावेवर सोपवून त्या दवाखान्यात गेल्या. या वेळी तुकडा फॉर्मालिनमध्ये आला. मी रंगवला आणि डॉक्टरांना स्पष्ट दिसलं. कॅन्सर होता, पण अजून लहान.

ऑपरेशननंतर बऱ्या होऊन भामाबाई लॅबच्या दारात आल्या. थोडं बोबडं बोलत त्यांनी विचारलं, "तुमी पयल्यांदाच 'काय दिसत न्हाय' आसं लिवून धाडलं आसतं, आन त्यावर भरवसा ठिवून मी घरी बसले आसते, तर वो?"

दादासोंनी त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी तंत्रज्ञ. माणसाच्या अंगाला सुरी लावण्याआधी फॉर्मालिनची बाटली भरलेली आहे का, एवढं बघाल ना?