मोप्पीची जागा

"त्याच्याकडे बघायचं नाही, कितीदा सांगू? तू बघितलंस की तो उठलाच म्हणून समज!" हिल्के नवऱ्यावर कडाडली.

दौवेनं मुकाट्यानं मान वळवली. कोपऱ्यातल्या टोपलीत त्यांचा कुत्रा मोप्पी बसला होता. जेवताना त्यानं तिथंच बसायचं, टेबल आवरलं की टोपलीतच त्याला खाऊ मिळायचा. टेबलाखाली यायला उठला, की हिल्के एक शब्द न बोलता त्याला परत नेऊन बसवायची. पहिल्यांदा त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. पण ही बाई कसली बधतेय! जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमक्ष विचारलं होतं, "हा कुत्रा आहे की पिंप?" हिल्केला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"राहू दे की गं, म्हातारा झालाय तो," दौवे म्हणायचा.

"तूच लाडावून ठेवलंयस त्याला. आता गप जेव."

जन्मभर बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडण्या-मिटण्याचं काम केलेला दौवे गप बसण्यात पटाईत होता. बरोबर सहाला जेवायला बसायचं, ताट चाटूनपुसून लख्ख करायचं, हा त्याचा शिरस्ता. त्या लख्ख ताटाचा हिल्केला कोण अभिमान! हल्ली कमरेचा पट्टा एकेक भोक आत जात होता, तर तो म्हणायचा, "वय झालं गं." आणि ती ताटाकडे बघून निश्चिंत व्हायची. खिशातल्या रुमालांना रश्श्याचे डाग दिसले, की मात्र ती तोंडसुख घ्यायची, "लहान पोरासारखा सांडतोस!"

आज केलची पालेभाजी घालून कुस्करलेले बटाटे होते, वर सॉसेज, मधल्या खळग्यात रस्सा. त्याचं सगळ्यात आवडतं. मोप्पी पहिल्यांदाच आपणहून टोपलीत जाऊन बसला. हिल्के हरखून गेली.

"बघितलंस? जमलं की नाही?"

 तिनं बघितलं, तर दौवेचं ताट भरलेलंच. काट्यानं तो नुसती चिवडाचिवड करत होता. ती बघतेय म्हटल्यावर त्यानं एक घास तोंडात घातला, त्यावर पाणी प्यायला. घास अडकला. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. शेवटी खिशातला रुमाल काढून त्यानं घास त्यात टाकला आणि सवयीनं तो हात टेबलाखाली नेला.

तिथं कुणीच नव्हतं.

 ते रुमाल, तो पट्टा, तो फुगलेला कुत्रा, सगळं एकदम हिल्केच्या डोळ्यांपुढे आलं. अगं बाई! म्हणजे हा इतके दिवस जेवतच नव्हता! आणि ती टेबलापलीकडे बसून कुत्र्याला रागावत होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"कालव्यात पाणकोंबडीची पिल्लं निघाली ना, तेव्हापासून. पातळ उतरतं. बाकी नाही."

"अरे देवा! ती पिल्लं मोठी होऊन उडूनसुद्धा गेली रे! बोलला का नाहीस?"

"रिन्सेचं असंच सुरू झालं होतं."

रिन्से त्याचा धाकटा भाऊ. घास अडकायला लागला आणि वर्षाच्या आत गेला.

"म्हटलं, तुला जितके दिवस कळत नाही, तितके दिवस तरी सुखाचे," दौवे म्हणाला. "तू इतकं मन लावून रांधतेस."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं.  "उद्या सकाळी डॉक्टरांकडे," एवढंच ती कशीबशी म्हणाली. त्यानं मान हलवली.

मग तिनं त्याच्या ताटातला सॉसेजचा तुकडा उचलला आणि टेबलाखाली हात धरला.

"मोप्पी, ये. ये रे बाळा."

मोप्पीनं कान टवकारले. शेपूट टोपलीच्या कडेवर आपटलं. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, दौवेकडे पाहिलं, आणि तो जागचा हलला नाही. टेबल अजून आवरलं नव्हतं.

"शहाणा झाला गं," दौवे म्हणाला.

तिचा हात तसाच टेबलाखाली राहिला.