पांढऱ्याला हात, काळ्याला गन

सुएझच्या अर्बईन भागातल्या मेकॅनिकांच्या गल्लीत उस्ता रश्वानचं वर्कशॉप दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं. तिथला चहा जिभेला चिकटेल इतका गोड असायचा, आणि तिथल्या नट खोलायच्या सॉकेटला हात लावायचा तर आधी मालकाचं प्रवचन ऐकावं लागायचं. भिंतीवर दोन फळ्या होत्या. एकीवर क्रोमची सॉकेटं, लखलखीत, तोंड बघावं अशी. दुसरीवर हवेवर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनची, काळी, जाड भिंतीची, दिसायला अगदीच ओबडधोबड. गल्लीत त्यांना नुसतं पांढरं आणि काळं म्हणत. रश्वानचा नियम एवढाच होता, की पांढऱ्याला हात आणि काळ्याला गन. हा नियम मोडणाऱ्याला तो चहासुद्धा देत नसे.

"पांढरं कडक असतं," तो सांगायचा. "हाताचा जोर हळूहळू चढतो. तो कितीही चढू दे, पांढरं पेलतं. भिंत पातळ, पण हिंमत बघा! गनचं तसं नाही. गन जोर लावत नाही, गन मारते. मिनिटाला हजार घाव. काळं जरा नरम, ते प्रत्येक घावाला इवलंसं लवतं आणि परत जागेवर येतं. पांढऱ्याला लवणं ठाऊकच नाही. ते सोसतं, सोसतं, आणि एक दिवस काचेसारखं फुटतं. आधी कुरकुरतसुद्धा नाही."

समोरचा रेडिएटरवाला बय्यूमी म्हणायचा, "उस्ता, सॉकेट निवडायला जेवढा वेळ घेतोस, तेवढा बायको निवडताना घेतला असतास, तर आज घरी गरम जेवण मिळालं असतं." रश्वान हसायचा. पण पंचवीस वर्षं हीच हत्यारं हाताळूनही त्याचं नवल काही ओसरलं नव्हतं. मुठीत मावणारा पोलादाचा तुकडा, आणि त्यालाही आपला म्हणून एक स्वभाव असावा! कधी कधी काम नसताना तो एका हातात पांढरं आणि दुसऱ्या हातात काळं घेऊन नुसता बसून राही.

अकरा वर्षांपूर्वी मात्र हा नियम नव्हता. तेव्हा रश्वान आणि त्याचा धाकटा भाऊ सब्री मिळून वर्कशॉप चालवायचे, आणि गल्लीत सगळे करत तेच करायचे. रिमचं भोक खोल आणि अरुंद असलं, जाड काळं सॉकेट आत शिरेना, की पातळ पांढरं काढून गनला लावायचं. ते गनवर ढिलं बसे, म्हणून मध्ये प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा कोंबायचा. तरी हललं तर एकाने ते चिंधीने धरायचं आणि दुसऱ्याने गन दाबायची. "दोनच टकटक, काही होत नाही," असं सगळी गल्ली म्हणायची आणि खरंच काही होत नसे. मग एका सकाळी गन रश्वानच्या हातात होती आणि चिंधी सब्रीच्या. सॉकेट फुटलं, आणि नखाएवढी कपची सब्रीच्या डाव्या डोळ्यात गेली.

सब्रीने भावाला कधी दोष दिला नाही. दिला असता तर रश्वानला निदान रात्री झोप लागली असती. सब्रीने मिनीबस घेतली. एका डोळ्यावर परवाना कसा मिळवला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. ईदला तो भावाच्या घरी यायचा, गळ्यात पडायचा, मुलांना मिठाई द्यायचा. वर्कशॉपची पायरी मात्र तो अकरा वर्षांत एकदाही चढला नाही. घर, गाडी, तीन मुली, सगळा डोलारा आता त्याच्या उरलेल्या एका उजव्या डोळ्यावर उभा होता.

त्या शुक्रवारी गल्ली बंद होती. रश्वान तेवढा नमाजाच्या वेळेपर्यंत उघडं ठेवायचा. दहाच्या सुमाराला एक मिनीबस मागचं चाक फरफटत आली आणि दारात थांबली. सब्री खाली उतरला. रश्वानच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला.

"सलाम, उस्ता," सब्री म्हणाला. भावाला तो नावानेच हाक मारायचा. उस्ता, म्हणजे उस्ताद, ही परक्या गिऱ्हाइकाची हाक होती. "टायर आतल्या बाजूने फाटलाय. दुसरीकडे सगळं बंद आहे, म्हणून आलो."

"ये ना, बस," रश्वान कसाबसा म्हणाला.

"बसायला वेळ नाही. यांना सफागा बंदराला पोचवायचंय. रात्रीचं जहाज आहे, मक्केला उमऱ्याला चालल्यात. अकराला इथून निघालो नाही, तर जहाज गेलं म्हणून समज."

गाडीतून सात म्हाताऱ्या उतरल्या. एकाच खेड्यातल्या, पांढरे शुभ्र रुमाल बांधलेल्या. सगळ्यात पुढे हाज्जा तव्हीदा. मक्का तिने अजून पाहिली नव्हती, पण वय झालं म्हणून गावाने तिला वीस वर्षांपूर्वीच हाज्जा, म्हणजे हज करून आलेली, करून टाकलं होतं. तिने आल्या आल्या वर्कशॉपवरून नजर फिरवली.

"हाच का तो भाऊ? गाडीत याचं नाव काढलं की तू रेडिओ मोठा करतोस, तो?"

"हाज्जा, चहा प्या," सब्री म्हणाला.

रश्वान चाकापाशी बसला. सब्रीने गाडीला नवे हौशी रिम लावले होते, आणि त्यांची भोकं खोल होती, अरुंद होती. काळं सॉकेट तोंडाशीच अडलं. पातळ भिंतीचं काळं मिळतं, पण त्या मापाचं त्याच्याकडे नव्हतं. हत्यारांचं दुकान बंद, घासून देणारा लेथवालाही बंद.

त्याने पांढरं घेतलं, त्याला लांब दांडा लावला आणि हाताने सुरुवात केली. चार नट कुरकुरत सुटले. पाचवा, शेवटचा, हलेना. रश्वानने तेल सोडलं, हातोडीने टकटक केली, दांड्यावर पाय देऊन उभा राहिला. दांडा वाकला, नट जागच्या जागी.

"नट आहे की नवऱ्याची बहीण?" हाज्जा तव्हीदा म्हणाली. "जागा म्हणून सोडत नाही."

सब्रीने घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजून गेले होते.

"गनला लाव," तो म्हणाला.

"काळं जात नाही आत."

"पांढरंच लाव. दोन टकटक, सुटेल."

रश्वानने मान वर केली. "काय बोलतोयस, कळतंय तुला?"

"मला नाही कळणार तर कुणाला?" सब्रीचा आवाज चढला. "सात बायका आहेत. आयुष्यभर कोंबड्या विकून पैसे जमवलेत त्यांनी. माझ्यामुळे जहाज चुकलं, तर यांच्या तोंडाकडे कसं बघू? तुझ्या हाताला भीती वाटत असेल, तर दे इकडे. मी करतो."

आणि तो खरंच करायला लागला. पांढऱ्या फळीवरचं दुसरं खोल सॉकेट उचललं, गन ओढली आणि पिशवीचा तुकडा शोधायला खिसे चाचपू लागला. अकरा वर्षांत हात काही विसरले नव्हते. रश्वान त्याच्याशी झोंबला नाही. तो सरळ कॉम्प्रेसरपाशी गेला आणि टाकीच्या बुडाचा कॉक पूर्ण उघडला.

साठवलेली सगळी हवा किंकाळी फोडत बाहेर आली. जमिनीवरची धूळ उडाली, म्हाताऱ्यांनी रुमाल धरले, बय्यूमीची मांजर छपरावर पळाली. काटा उतरत उतरत शून्यावर आला. सब्रीने गन दाबली, तर ती नुसती सुस्कारली. टाकी पुन्हा भरू नये म्हणून रश्वानने मीटरचा फ्यूज काढून खिशात टाकला.

"वेडा आहेस तू," सब्री म्हणाला.

"आहे. हातानेच होईल, नाहीतर होणार नाही."

कोपऱ्यात पाण्याचा जुना लोखंडी पाइप पडला होता, माणसाच्या उंचीचा. रश्वानने तो दांड्यावर चढवला. सॉकेटखाली आधाराला घोडी लावून पाहिली, पण जोर येताच सॉकेट बाहेर घसरलं आणि नटाचा एक कोपरा चावला गेला. आणखी एकदा घसरलं असतं, तर नट गोल झाला असता आणि सगळंच संपलं असतं. कुणीतरी चाकाशी बसून सॉकेट दोन्ही तळव्यांनी आत दाबून धरायला हवं होतं, तोंड अगदी नटाजवळ नेऊन. दुसऱ्याने पाइपच्या टोकाला जोर लावायला हवा होता.

"मी धरते," हाज्जा तव्हीदा बाह्या सरसावत म्हणाली. "व्यायला आलेली म्हैस धरलीये मी, याचं काय!"

"तुम्ही बसा, हाज्जा," सब्री म्हणाला आणि स्वतः चाकापाशी मांडी घालून बसला.

रश्वानने पाइप सोडला. "तू ऊठ. तू पाइपवर ये, मी धरतो."

"नाही."

"सब्री, तुला एकच..."

"मोजता येतं मला," सब्री शांतपणे म्हणाला. "पाइपवर मी आलो तर आंधळा जोर लावीन. पोलाद कुठवर ताणायचं आणि कुठे थांबायचं, ते तुझ्या हाताला कळतं. माझ्या नाही कळत. तूच लाव."

रश्वानने खुंटीवरचा मोठा चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग सॉकेट उजेडात धरून बोट फिरवत तपासलं. कुठे चीर नव्हती, कुठे केसाएवढी रेघ नव्हती. ते नटावर बसवून तो मागे गेला, पाइपच्या टोकाला. सातही बायका उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पुटपुटत होत्या. "बिस्मिल्ला," म्हणून त्याने हळूच भार टाकला.

पहिल्यांदा दांड्याची ढील गेली. मग पाइप किंचित लवला. मग सगळं थांबलं, आणि त्या थांबण्यात रश्वानला एकेक गोष्ट कळू लागली. नटाचा गंज कळला, बोल्टचा पीळ कळला, पातळ भिंतीत चढत चाललेला ताण कळला, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे भावाचे दोन तळवे कळले, न हलणारे. आपण एवढं मोठं काही हातात धरलंय, असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. मग सॉकेटमधून बारीक, दाताला झिणझिण्या आणणारा आवाज आला. त्याने तत्काळ जोर सोडला.

"का थांबलास?" सब्रीने मान न वळवता विचारलं.

"ते बोललं."

"काय म्हणालं?"

"'अजून नाही,' असं म्हणालं."

"आपल्या आईसारखं आहे मग," सब्री म्हणाला. रश्वानला हसू आलं नाही. त्याने पुन्हा तेल सोडलं, नटाच्या डोक्यावर दहा-बारा हलके ठोके दिले, तेल आत झिरपू दिलं. अकराला दहा कमी होते. कुणीही त्याला घाई केली नाही, हाज्जा तव्हीदानेसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा त्याने भार टाकला तो पहिल्याहून सावकाश. एक श्वास घ्यायचा, थोडासा जोर वाढवायचा, पुन्हा एक श्वास. पाइप धनुकलीसारखा वाकत गेला. पांढरं पोलाद त्या साऱ्या ओझ्याखाली गप्प होतं. इवलीशी ती भिंत, आणि एका धडधाकट माणसाचं सगळं वजन तिने पेललं होतं, पाइपच्या लांबीने कैक पट झालेलं पेललं होतं. सुभानअल्ला, रश्वानच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी कानठळ्या बसतील असा फटाका वाजला.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. अकरा वर्षं रोज झोपेत ऐकलेला. पाइप हातातून सुटून जमिनीवर घणाणला. रश्वानने डोळे गच्च मिटले. कुणी ओरडलं नाही. तेव्हाही आधी कुणी ओरडलं नव्हतं. आधी अशीच शांतता झाली होती.

"रश्वान," सब्रीचा आवाज आला.

तो उभाच राहिला.

"रश्वान, नट सुटला. सॉकेट अख्खं आहे. गंज तुटल्याचा आवाज होता तो."

"तू?"

"मी काय? इथेच आहे. डोळे उघड."

"उघडत नाहीत," रश्वान म्हणाला, आणि ते खरं होतं.

पावलं जवळ आली. तेलकट हातांनी त्याचा उजवा हात धरला. चष्म्याचा पट्टा सुटल्याचा आवाज झाला. सब्रीने भावाचा अंगठा उचलून स्वतःच्या उजव्या पापणीवर टेकवला. पापणी उबदार होती. तिच्याखाली बुबुळ हललं, इकडून तिकडे, जिवंत. पापणीचे केस अंगठ्याला लागले. रश्वानने आयुष्यात पोलाद, पितळ, रबर, काय काय हाताखालून घातलं होतं, पण असलं काही त्याच्या हाताला कधी लागलं नव्हतं.

"आहे ना जागेवर?" सब्री म्हणाला. "आता बघ. आणि नीट बघ. इतकी वर्षं माझ्याशी बोलताना तू माझ्या हनुवटीकडेच बघतोस."

रश्वानने डोळे उघडले. समोर सब्रीचा उजवा डोळा होता, तपकिरी, पाण्याने भरलेला. आणि डावा, ढगाळ पांढरा, कोपऱ्यात बारीक व्रण असलेला. अकरा वर्षांत त्याने तो एकदाही पाहिला नव्हता. त्याने कल्पनेत जो रंगवला होता, तो याच्यापेक्षा किती तरी भयंकर होता.

"भावांनो, रडणं परत येताना करा," हाज्जा तव्हीदा मागून ओरडली, "जहाज माझ्या नवऱ्याचं नाही!"

सब्री जागचा हलला नाही. भावाचं बघून होईपर्यंत तो तसाच समोर उभा राहिला.