मागचा दिवा

माझ्या नवऱ्याचा, एवेलिओचा, डावा पाय गेल्या वर्षी गेला. बायामो शहराच्या रस्त्यावर, दिवेलागणीला, मागून ट्रक आला आणि गाडीवरच चढला. ड्रायव्हर म्हणाला, तुमचा मागचा दिवा दिसलाच नाही. दिसणार कसा? सासऱ्यांनी घेतलेली त्रेपन्न सालची अमेरिकन गाडी, तिचा बल्ब म्हणजे विझत आलेली चूल!

आजपासून तीच टॅक्सी आमचा पोरगा यादिएल चालवणार होता. मी सांगून टाकलं, मागे एलईडी बसल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. मायामीहून बहिणीने सहा व्होल्टचे लाल एलईडी पाठवले होते.

"ट्रकने चेपल्यावरही कारखान्यातून आली तशीच करून घेतलीय मी गाडी," नवरा खुर्चीतून गुरगुरला. "एवढी अस्सल गाडी दुसरी दाखव!"

"आणि पोरगा? तो काय नकली आहे?"

बल्ब काढून मी एलईडी बसवले. ढिम्म! एकही पेटेना. एवेलिओ गालातल्या गालात हसला. अशी चीड आली म्हणून सांगू!

"तुला कारण माहितीय," मी म्हणाले. "सांगतोस, की बाकीच्यांसारखी रशियन गाडीतली वायरिंग घालू?"

रशियन म्हटल्यावर बरोबर झोंबलं. "अगं बाई, हिच्या बॅटरीचा प्लस गाडीच्या पत्र्याला जोडलाय. बाकीच्या गाड्यांच्या उलट. साध्या बल्बला उलटसुलट कसंही चालतं, तुझ्या एलईडीला नाही."

मग काय, गाडी उलटी तर दिवेही उलटे! दोन्ही एलईडी उघडले. आतल्या वायरींची अदलाबदल करायची, तर वीज सकाळपासून गेलेली. कोळशाच्या शेगडीत सळई तापवली, कथिल वितळवून वायरी जोडल्या. बोट भाजलं. भाजू दे!

"आई, गिऱ्हाईकं खोळंबलीत," यादिएल म्हणाला.

"खोळंबू देत."

सूर्य कलला तेव्हा दिवे पेटले. मी एवेलिओच्या हातात कुबड्या दिल्या. "वळणापर्यंत जा आणि तिथून बघून सांग. तू काही माझं खोटं कौतुक करणार नाहीस."

कुरकुरत गेला. वळणावर मागे वळून उभा राहिला.

"दिसतंय का रे?" मी ओरडले.

"दिसतंय!" त्याचा आवाज फाटला. "लख्ख दिसतंय, नेरेइदा. एवढ्याशा दिव्यापायी पाय घालवला मी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी यादिएलला किल्ली दिली आणि म्हटलं, "आधी बाबांना गाडीत घे."