चौदा मिनिटं, शून्य सेकंद

माझ्या नऊ रहस्यकथांत मिळून अकरा खून आहेत आणि ते सगळे माझ्या नवऱ्याने चालून पाहिलेले आहेत. म्हणजे मी लिहायचं, खुनी मागच्या दाराने निघाला, पूल ओलांडून औषधाच्या दुकानात पोचला. आणि यांनी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून तेवढं अंतर चालून यायचं. वाचकांची पत्रं येतात, 'तुमच्या वेळा किती अचूक असतात हो!' मी गालातल्या गालात हसते. चालतो एक आणि नाव होतं दुसरीचं.

हे चौतीस वर्षं विजेचे मीटर वाचत दारोदार फिरले. घर बंद असलं की यांच्या खात्यातले लोक मागच्या महिन्यांवरून अंदाजाने आकडा टाकायचे आणि शेजारी 'सरासरी' लिहून मोकळे व्हायचे. यांनी ते एकदाही केलं नाही. संध्याकाळी पुन्हा जायचे, तेव्हाही बंद असलं तर दुसऱ्या दिवशी. "न बघता आकडा लिहायचा म्हणजे खोटी साक्ष," असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर महिनाभरात यांचे सगळे डबे लावून झाले, पंखे पुसून झाले आणि नजर माझ्या कागदांकडे वळली. तेव्हा मी घाईघाईने पहिला खून यांच्या हाती दिला.

दहाव्या पुस्तकात घोडं अडलं. संपादिकेचा फोन आला, "चाळिसाव्या पानावरच ओळखला मी खुनी. तो तरणाबांड भाचाच ना?" मी चिडून फोन ठेवला आणि यांची वेळांची वही उघडली, निदान तिथे तरी काही धागा सापडेल म्हणून. जुन्या पानांवर कसं सगळं चोख होतं. तेरा मिनिटं बेचाळीस सेकंद. सात मिनिटं एकोणीस सेकंद, पुलावर गर्दी. शेवटच्या पानावर मात्र, या दहाव्या पुस्तकातल्या खुनाची वाट, 'घड्याळजीचं दुकान ते विधवेचं घर, चौदा मिनिटं.' नुसती चौदा. वरच्या ओळीत दहा. त्याच्या वर वीस. सेकंद कुठेच नाहीत.

मी वही मिटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. लोकांच्या चिखलातल्या पावलांचे ठसे तपासत बसले होते आणि घरातला पुरावा महिनाभर टेबलावर पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे "खुनाला जाऊन येतो गं" म्हणून निघाले, तशी मी चपला घालून मागोमाग निघाले. लाँड्रीपर्यंत सगळं ठीक होतं. तिथून चढ सुरू होतो. यांनी कठड्याला हात लावला, थांबले, आणि लाँड्रीसमोरच्या बाकावर बसले. तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. बऱ्याच वेळाने खिशातून वही काढली, वर चढाकडे एकदा पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि घराकडे वळले. स्टॉपवॉचकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत मी टपालपेटीच्या आड उभी होते. मग लाँड्रीत शिरले.

"काका ना?" लाँड्रीवाला इस्त्री न थांबवता म्हणाला. "महिना झाला, रोज बसतात. पाणी देतो मी त्यांना. म्हणाले, घरी बोलू नकोस, तिचं पुस्तक अर्ध्यावर आहे."

मला आधी राग आला, मग भीती वाटली, मग दोन्ही एकदम. यांच्या पावलांच्या आवाजावरून हे जिन्याच्या कितव्या पायरीवर आहेत ते मी अडतीस वर्षं ओळखत आले आहे. आणि यांना दम लागतो हे मला लाँड्रीवाल्याकडून कळावं!

मी त्या बाकावर बसले. तोंडावर विचारलं तर हे वही कपाटात टाकतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. वही गेली की हे खुर्चीत बसतील, आणि एकदा बसले की उठायचे नाहीत. त्या बाकावरून चढ खरंच खूप मोठा दिसत होता.

मी घरी आले तेव्हा हे मोजे काढत होते.

"किती लागली?"

"चौदा."

"चौदा नकोत मला. खुनी बदललाय. आता तो म्हातारा घड्याळजी."

"अगं, त्याच्यावर तर कुणाचाच संशय नाही!"

"म्हणूनच. पोलीस चौदा मिनिटं धरून तरण्या माणसांच्या मागे लागलेत. याला चढावर दम लागतो. लाँड्रीसमोरच्या बाकावर बसतो. याची वेळ कुणी मोजलीच नाही."

यांचा एक मोजा हातातच राहिला.

"लाँड्रीवाला बोलला वाटतं."

"साक्षीदाराचं नाव मी फोडत नसते. आणि उद्या नऊला डॉक्टरांकडे जायचंय. ते पुस्तकासाठी नाही, माझ्यासाठी."

"मग चालणं बंद?" यांनी मोज्याकडे बघतच विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील. पण घड्याळजीची वेळ तुमच्याशिवाय कोण देणार मला, अहो?"

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि चालायला परवानगी दिली. मात्र सावकाश, बसत-उठत, आणि एकट्याने नाही. त्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो. कोपऱ्यावर यांनी स्टॉपवॉच स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलं. बाकावर बसलो, लाँड्रीवाल्याने दोन पेले पाणी आणलं. पुढचा चढ आम्ही असा चढलो की एक मांजर आम्हाला मागे टाकून गेलं. घरी येऊन यांनी वहीत लिहिलं, 'सव्वीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. पैकी बाकावर सहा मिनिटं दहा.' मग वरच्या ओळीतल्या चौदा मिनिटांशेजारी, अगदी बारीक अक्षरात, 'सरासरी.'

मी ते वाचलं, यांनी मी वाचताना पाहिलं, आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

पुस्तक पुरं झालं. संपादिकेचा फोन आला. "या वेळी शेवटपर्यंत नाही ओळखू आला हं! एकच शंका आहे. घड्याळजी बाकावर बसतो तेव्हा शेजारी एक बाई बसलेली असते. कथेत तिचं काहीच काम नाही. काढून टाकू?"

"हात लावायचा नाही तिला," मी म्हटलं. "घड्याळ तिच्या गळ्यात आहे."